वाघूरेचें पाणी

गेल्या महिन्यांत आमचा नातू भूगोलाचें पुस्तक घेऊन ओट्यावर बसला होता. पेरू आणि बोलिव्हिया या दोन देशांत विभागलेल्या टिटिकाका सरोवराचें वर्णन वाचून त्यानें विचारिलें, "आजोबा, असें दोघांचें सरोवर आपल्याकडे नाहीं का?" आम्ही त्यास वाघूरेच्या कांठीं घेऊन गेलों.

अजिंठ्याच्या लेण्यांखालून येणारी ही नदी आमच्या पहूर गांवावरून जाते व पुढें तापीस मिळते. तापी पश्चिमेस जातां जातां गुजरातेंत सोनगड तालुक्यांत उकाईच्या धरणानें अडविली आहे. १९७२ सालीं पुऱ्या झालेल्या या धरणामागील जलाशयास वल्लभसागर म्हणतात. तो तुडुंब भरला म्हणजे सुमारें ६०० चौरस किलोमीटर पसरतो. त्याचा बहुतेक भाग गुजरातेंत असला, तरी शेवटचें टोंक आपल्या नंदुरबार जिल्ह्यांत, नवापूरच्या बाजूस शिरलें आहे. हीं दोन राष्ट्रें नव्हेत, दोन राज्यें आहेत. परंतु प्रश्न तोच.

तापीच्या ६५,१४५ चौरस किलोमीटर खोऱ्यापैकीं ५१,५०४ महाराष्ट्रांत आहे, गुजरातेंत अवघें ३,८३७, बाकीचें मध्यप्रदेशांत. म्हणजे पाऊस बहुतेक आमच्या शिवारांवर पडतो आणि सांठा खालीं होतो. २००६ च्या ऑगस्टांत पाऊस अतोनात झाला, धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखालीं गेला. वरच्याचा पाऊस तो खालच्याचा पूर. म्हणून वरून खालीं वेळेवर वर्दी जाणें हा शेजारधर्म होय.

एवढें सांगून आम्हांस थांबतां आलें असतें. परंतु एक जुनी चूक आठवली. नवापूरकडे शिक्षक असतांना आम्ही फळ्यावर याच जलाशयाचा नकाशा काढून निळ्या खडूनें भरला होता. मागच्या बांकावरील एक भिल्ल मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, तेथें आमच्या बापाचें गांव आहे. त्याचें नांव लिहा ना." "तें आतां पाण्यांत आहे, पुढचा धडा घ्या," असें म्हणून आम्हीं त्यास बसविलें.

सीमेची रेषा पाण्याखालीं गेली, तशीं दोन्हींकडचीं गांवेंही गेलीं. रेषा आम्हीं नकाशावर जपली. गांवांचीं नांवें मात्र पुसलीं. नातवानें आपल्या वहींत निळा रंग भरला, तेव्हां त्या मुलाच्या गांवाचें नांव आम्हीं त्यांत लिहविलें. वाचकांच्या घरीं भूगोल शिकविणाऱ्या वडील मंडळींनीं पाण्याची लांबीरुंदी जरूर सांगावी; त्यासोबत तळाशीं कोण राहत होतें, हेंही सांगावें.