शिरूरची छावणी कोणाच्या सहीने वसली?

कोरेगाव भीमा येथील जयस्तंभाला १ जानेवारीस अभिवादन करणाऱ्या लाखोंना ‘परकीयांच्या विजयाचे उत्सवकर्ते’ म्हणून हिणवणाऱ्या इतिहासाभिमान्यांनी कोरेगावाआधी शिरूरकडे पाहावे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची सुमारे ८०० सैनिकांची तुकडी निघाली ती घोडनदीकाठच्या शिरूर छावणीतून. पुण्याच्या इतक्या जवळ कंपनीला छावणी मिळाली कशी? महार शिपायांनी तिला वाट दाखवली नव्हती. बरोबर पंधरा वर्षांपूर्वी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, होळकरांनी हडपसरला फौज मोडताच पुणे सोडून पळालेल्या दुसऱ्या बाजीरावानेच वसईचा तह केला; कंपनीची तैनाती फौज स्वीकारली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. शिरूरची छावणी हे त्या तहाचेच अपत्य!

‘स्वकीय विरुद्ध परकीय’ ही वाटणीही टिकत नाही. पेशव्यांच्या बाजूने गावात घुसले त्यांत पगारी अरब होते. कंपनीच्या पायदळात महारांबरोबर मराठे व मुसलमानही होते. दोन्हीकडचा शिपाई पोटासाठी लढत होता. आणि इंग्रजी राज्याने परतफेड कोणाची केली? जून १८१८ मध्ये शरण आलेल्या बाजीरावाला सालीना आठ लाखांचे निवृत्तिवेतन व बिठूरचा निवास मिळाला. ज्यांची नावे स्तंभावर कोरली, त्या महारांना मात्र त्याच राज्याने १८९० नंतरच्या दशकात फौजेचे दार बंद केले. तेव्हा हा स्तंभ कंपनीच्या कृतज्ञतेचे स्मारक आहे, असेही कोणी मानू नये.

मग तो कशाचा? भीमा डोळ्यांसमोर वाहत असता ती माणसे दिवसभर तहानेने व्याकूळ होऊन लढली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर या स्तंभापाशी आले आणि त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. ज्यांना धर्माने अपात्र ठरवले, त्यांच्या पात्रतेचा हा दगडी पुरावा आहे. १ जानेवारी २०१८ रोजी तेथे दगडफेक करणाऱ्यांना सलत होता तो हाच पुरावा. गेलेले राज्य नव्हे.

कोरेगावची भीमा पुढे दौंडला जाते. तेथे राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीसाठी आज सगळ्या जातींची शेतकरी-मजुरांची पोरे एकाच रांगेत उभी राहतात, आणि तीही पोटासाठीच. त्यांना दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाईत पुन्हा समोरासमोर उभे करण्यात कोणाचे हित आहे, हा प्रश्न त्यांनीच विचारावयास हवा.