बुडत्या होडीचा कप्तान

चाच्यांचा सिनेमा काढायचा म्हणजे पैसा समुद्रात बुडवायचा, असा हॉलिवूडचा २००३ पर्यंतचा हिशोब होता. हिशोब काही हवेतला नव्हता. १९९५ च्या 'कटथ्रोट आयलंड'वर नऊ-दहा कोटी डॉलर खर्च झाले आणि अमेरिकेत त्याने कमावले एक कोटीच्या आसपास! २००२ मध्ये डिस्नेचा 'ट्रेझर प्लॅनेट' आपटला. त्याच वर्षी डिस्नेने आपल्या पार्कमधल्या एका शोवरून 'द कंट्री बेअर्स' काढला, तोही पडला. आणि एवढं होऊनही हे लोक डिस्नेलँडमधल्या १९६७ सालच्या एका राइडवरून चाच्यांचाच सिनेमा काढायला निघाले. म्हणजे दोन्ही केटी एकाच सेमिस्टरला!

जुलै २००३ मध्ये 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन : द कर्स ऑफ द ब्लॅक पर्ल' आला. खर्च सुमारे १४ कोटी डॉलर, जगभरातली कमाई ६५ कोटींच्या वर. असं कसं झालं?

कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं : जॉनी डेप. खरं आहे. रॉकस्टार कीथ रिचर्ड्सची ढब उचलून त्याने जो झिंगलेला, लटपटता कॅप्टन जॅक स्पॅरो उभा केला, तो बघून डिस्नेचे साहेब लोकच हादरले होते. त्याच भूमिकेला पुढे ऑस्करचं नामांकन मिळालं.

पण माझ्या मते हे अर्धंच उत्तर आहे. जॅकला बाजूला ठेवून बघा, गोष्ट तरीही उभी राहते. विल आणि एलिझाबेथ यांचं सरळ प्रेम, नॉरिंग्टनचा सरळ कर्तव्यकठोरपणा, आणि वर एक झकास उलटापालट. एरवी चाचे खजिना लुटायला निघतात, इथे ते लुटलेला खजिना परत ठेवायला धडपडतात! शापामुळे खाल्लेलं गोड लागत नाही, मरणही येत नाही. बार्बोसाची चीड येते आणि कीवही येते. टेड एलियट आणि टेरी रॉसिओ या लेखकांनी हा सांगाडा पक्का बांधला, म्हणून त्यावर जॅकचा वेडेपणा तोलला गेला. २०११ च्या चौथ्या भागात विल-एलिझाबेथ नव्हते, सगळा भार जॅकवर. पैसा १०० कोटी डॉलरच्या वर मिळाला, पण मजा? ती पहिल्याचीच.

जॅकची एन्ट्रीच आठवा. डोलकाठीवर राजासारखा उभा, मागे दणदणीत संगीत. मग कळतं, जहाज कसलं, गळकी होडी आहे आणि साहेब बादलीने पाणी उपसतायत! होडी बुडायला आणि पाय धक्क्याला लागायला एकच गाठ. विनोद वाटतो, पण त्यात टायमिंगचं केवढं गणित आहे!

मित्रांनो, फायनल इयरचं प्रोजेक्ट निवडताना आपण काय करतो? मागच्या वर्षी कोणतं पास झालं ते बघतो, कव्हर बदलतो आणि मोकळे होतो. वेगळं काही सुचवलं की ग्रुपमधलाच कोणीतरी म्हणतो, "कशाला रिस्क?" भीती खोटी नसते, जुने आकडे तिच्याच बाजूने असतात. पण आकडे फक्त एवढंच सांगतात की आधीची जहाजं बुडाली. ती का बुडाली, हे आपल्यालाच शोधावं लागतं. चाचे वाईट नव्हते हो, गोष्ट कच्ची होती.

तेव्हा वेडेपणा जरूर करा, पण आधी डिझाइन पक्कं करा. नुसतं लटपटत चाललं म्हणून कोणी जॅक स्पॅरो होत नाही!