एका ठोक्याचा पगार

आमच्या शेजारचे एक गृहस्थ हिशेबनीस आहेत, आणि म्हणून स्वतःस न्यायी समजतात. ते मुंबईस जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकून आले. द्वोर्झाकची ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनी होती. संगीताविषयी ते काही बोलले नाहीत. बोलले ते एवढेच : “अहो, मागे एकजण झांजा घेऊन बसला होता. पाऊण तासात एकदा वाजवली. एकदा! आणि ह्याला पगार?” चहाला बसलेली मंडळी पोट धरून हसली. मला हसू आले नाही. आम्हां शिक्षकांस असले हिशेब नवे नाहीत. आमचेही तासच मोजतात.

वस्तुस्थिती गृहस्थांच्या बाजूची आहे, हे कबूल. १८९३ साली न्यूयॉर्कमध्ये प्रथम वाजलेल्या त्या सिंफनीत झांजेचा ठोका एकच, चौथ्या भागात; आणि तोही दणक्याचा नव्हे, हळुवार. पुष्कळदा तिसऱ्या भागात ट्रँगल वाजवणाराच तो देतो. पण दणका कोणीही देईल! हळुवार ठोका देऊन पाहा. दोन्ही झांजा अगदी समोरासमोर मिळाल्या तर मध्ये हवा कोंडते आणि नादाऐवजी नुसता ‘फस्’ निघतो. व्हायोलिनवाल्यांच्या घोळक्यात एखाद्याचा सूर चुकला तर बाकीचे झाकून घेतात. झांजेवाल्याला झाकणारा कोणी नाही, आणि पडलेला ठोका परत घेता येत नाही.

मग उरलेला वेळ तो करतो काय? मोजतो. टिंपनीवाल्याला तर मोजता मोजता आणखी एक काम असते. भोवती सारा वृंद एका स्वरात गर्जत असताना कातड्याशी कान नेऊन, बोटाने हलकेच टिचकी मारून, पुढचा निराळा स्वर लावून ठेवायचा. आमच्या गृहस्थांना तो वाकलेला दिसला असता तर म्हणाले असते, झोपला!

आणि ज्यांना ठोक्यांवरच पगार द्यावयाचा आहे, त्यांनी राव्हेलचा १९२८ सालचा ‘बोलेरो’ घ्यावा. साइड-ड्रमचा तोच दोन मात्राखंडांचा बोल १६९ वेळा, अगदी कुजबुजीपासून गडगडाटापर्यंत, सुमारे पंधरा मिनिटे. लय तसूभर पुढे सरकली की सारा वृंद त्याच्यामागून घसरतो. त्याला तिथे किती पट पगार देणार?

“पण हे शिकावे कशाला लागते? ताल अंगातच असतो.” हे दुसरे पालुपद. जेम्स ब्लेड्सचे नाव पुढे करतात. १९०१ साली पीटरबरो येथे जन्मलेला हा इंग्रज सर्कशीत ढोल वाजवीत वर आला. मूकपटांच्या थिएटरांत वाजवले. १९४० मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रात गेला. पदवी नाही, हे खरे. पण रोज नवा चित्रपट, पडद्यावर एक डोळा, कागदावर दुसरा, आणि घोड्याच्या टापांपासून वादळापर्यंत सारे वेळेवर, ही काय शिकवणी नव्हे? बोलपट आले आणि ती शाळा बंद पडली. ब्लेड्स पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये स्वतःच शिकवू लागले. बालपणीच ऐकण्याची शक्ती बहुतांशी गमावलेल्या, कंपने अंगावर झेलून वाजवणाऱ्या इव्हलिन ग्लेनी त्यांच्या शिष्या. आज वृंदात जागा हवी तर पडद्याआडून परीक्षा द्यावी लागते. तिथे गर्श्विनच्या ‘पोर्गी अँड बेस’मधला झायलोफोनचा तुकडा नेहमीचा, काही सेकंदांत वर्षांची मेहनत उघडी पडते.

ह्याच ब्लेड्सची एक गंमत. रँक कंपनीच्या चित्रपटांच्या आरंभी एक पिळदार पुरुष भल्या थोरल्या घंटेवर प्रहार करीत असे. ती घंटा खोटी. नाद ब्लेड्सनी आपल्या टॅमटॅमवर काढलेला. जगाने पाहिले दंड, आणि वाहवाही दंडांचीच केली.

आपण तरी निराळे काय केले? कावस लॉर्ड आणि केरसी लॉर्ड ह्या पितापुत्रांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात हयात वेचली. घरोघर ती गाणी वाजतात. गायकाचे नाव पोरासोरांनाही ठाऊक. लॉर्ड हे नाव किती घरांत निघते?

परवा हिशेबनीस पुन्हा भेटले. मी सरळ विचारले, “तो झांजेचा ठोका कसा वाटला हो?”

थोडा वेळ आठवून ते म्हणाले, “ऐकू नाही आला बुवा. वाजवताना दिसला.”