पहिल्या भेटीआधी

नेरूळहून हार्बरच्या गाडीत चढलेला मुलगा सीएसएमटी येईपर्यंत डेटिंग ॲपवरचे कितीतरी चेहरे उजवीकडे सरकवतो. ‘कोणीतरी उत्तर देईल’ एवढीच त्याची आशा. त्याच ॲपवरची मुलगी आधी त्याचं नाव गूगलवर शोधते, इन्स्टाग्राम तपासते, भेटायला सीवूड्सचा गजबजलेला मॉल निवडते आणि मैत्रिणीला लाइव्ह लोकेशन पाठवून मगच निघते.

हा फरक स्वभावाचा कमी, भीतीचा जास्त आहे. त्याला नकाराची धास्ती, तिला जिवाची. 2014 साली आलेल्या बंबल या डेटिंग ॲपने पहिला संदेश बाईनेच पाठवायचा, असा नियम केला, तो या भीतीवरचाच उतारा होता. पण चार भिंतींतला नियम कोण बदलणार? 2022 मध्ये वसईच्या श्रद्धा वालकरच्या खुनाचं प्रकरण उघडकीस आलं, तेव्हा अनेक घरांत मुलींचे फोन तपासले गेले. मुलाशेजारी बसून ‘समोरची का घाबरते’ हे किती घरांनी समजावलं?

मुलांचंही एक दुखणं आहे. व्हिडिओ कॉलवर फसवून पैसे उकळले जातात आणि पुरुषासारखा पुरुष फसला म्हणून तो गप्प बसतो. अशा वेळी 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी गेलेली रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त.