विश्लेषण : पगार सरकारी, ग्रंथालय खासगी! चंद्रपूर-गडचिरोलीतील प्राध्यापक ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’च्या बाहेर का?

जगभरातील नामवंत संशोधन नियतकालिके देशातील प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांना मोफत वाचता यावीत, यासाठी केंद्र सरकारने १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ (ओएनओएस) योजना सुरू केली. मात्र चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील बहुतांश महाविद्यालये खासगी शिक्षण संस्थांच्या व्यवस्थापनाखाली आहेत. त्यामुळे तेथील प्राध्यापक पहिल्या टप्प्यात योजनेबाहेर राहतात. पदोन्नतीसाठी संशोधनाची अट मात्र सर्वांना सारखीच आहे.

योजना नेमकी काय आहे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी या योजनेला मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. एल्सेव्हिअर, स्प्रिंगर नेचर, टेलर अँड फ्रान्सिस, सेज अशा ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार ई-नियतकालिके त्यात आहेत. ६,३०० हून अधिक संस्था आणि १.८ कोटी विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक यांना लाभ होईल, असे सरकारने जाहीर केले. गांधीनगरचे ‘इन्फ्लिबनेट’ केंद्र समन्वयाचे काम पाहते. पूर्वी प्रत्येक संस्था किंवा मंत्रालय प्रकाशकांशी वेगवेगळे व्यवहार करीत असे. आता देशासाठी एकच व्यवहार होतो. शोधनिबंध मुक्त स्वरूपात प्रसिद्ध करण्यासाठी निवडक नियतकालिके लेखकांकडून जे शुल्क घेतात, त्यासाठीही दरवर्षी १५० कोटी रुपयांचा निधी ठेवण्यात आला आहे. म्हणजे वाचणे आणि लिहिणे, दोन्हींचा खर्च सरकार उचलते. अट एकच, संस्था योजनेत हवी.

मग अडचण कुठे आहे?

अडचण एका शब्दात आहे : व्यवस्थापन. पहिल्या टप्प्याचा लाभ केंद्र किंवा राज्य सरकारच्या ‘व्यवस्थापनाखालील’ उच्च शिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना आहे. गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ या व्याख्येत बसते. चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही बसते. पण वरोरा, ब्रह्मपुरी, आरमोरी, अहेरी किंवा भामरागडमधील कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालय साधारणपणे एखाद्या शिक्षण संस्थेने सुरू केलेले आणि नंतर अनुदानावर आलेले असते. तिथल्या मान्यताप्राप्त प्राध्यापकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून, नागपूरच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयामार्फत होतो. त्याच्या कपाटातील पुस्तके आणि संगणकावरील नियतकालिके मात्र ‘खासगी’ ठरतात. एकाच शहरातील दोन प्राध्यापकांपैकी एकाला निबंध उघडता येतो आणि दुसऱ्याला तो विकत घेण्याचा दर दिसतो, तो यामुळे.

पदोन्नतीशी याचा संबंध काय?

थेट संबंध आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची जुलै २०१८ ची नियमावली राज्याने ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने लागू केली. त्यानुसार महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकाला सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. लागते. पुढे प्राध्यापकपदासाठी किमान १० शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण लागतात. गुण मोजताना महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काय उपलब्ध होते, असा रकाना अर्जात नाही.

त्यात ‘यूजीसी-केअर’ ही मान्य नियतकालिकांची यादी आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. चांगले नियतकालिक कोणते आणि पैसे घेऊन काहीही छापणारे कोणते, हे आता शिक्षकाने आणि संस्थेने पारखायचे आहे. दर्जेदार नियतकालिके नियमित वाचणाऱ्याला ही पारख जमते. ज्याला ती उघडताच येत नाहीत, तो फसवणुकीच्या जाळ्यात अडकण्याची शक्यता अधिक.

पर्याय म्हणून ‘एन-लिस्ट’ आहे ना?

आहे, आणि तो स्वस्तही आहे. आयोगाच्या २(फ) आणि १२(ब) कलमांखालील अनुदानित महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’चे वार्षिक शुल्क अनेक वर्षे जीएसटीसह ५,९०० रुपये राहिले. विनाअनुदानितांसाठी ते कितीतरी पट जास्त आहे. या सदस्यत्वात सहा हजारांहून अधिक नियतकालिके आणि सुमारे दोन लाख ई-पुस्तके मिळत आली. पदवीचे वर्ग घेण्यासाठी हे पुष्कळ झाले. संशोधनासाठी मात्र ‘ओएनओएस’मधील मोठ्या प्रकाशकांचा पूर्ण संच त्यात नाही.

दुसरी बाब तांत्रिक वाटेल, पण खरी गोम तिथेच आहे. ‘एन-लिस्ट’ची खाती आपोआप तयार होत नाहीत. महाविद्यालयाने नेमलेली व्यक्ती, बहुधा ग्रंथपाल, प्रत्येक शिक्षकाचे नाव नोंदवते. मग त्याला लॉगिन मिळते. शुल्काचे नूतनीकरण लांबले की प्रवेश बंद. ग्रंथपालाचे पद रिक्त असेल आणि काम एखाद्या लिपिकाकडे असेल, तर खाती तयार करणे हे यादीतले शेवटचे काम ठरते. सदस्यत्वाचे प्रमाणपत्र मात्र ‘नॅक’च्या फाईलमध्ये व्यवस्थित लावलेले असते. ‘नॅक’च्या निकषांत ई-संसाधनांच्या सदस्यत्वाबरोबरच शिक्षक व विद्यार्थ्यांच्या रोजच्या वापराचीही नोंद मागितली जाते. पण नोंदवहीतील सही म्हणजे वाचन नव्हे, हे ‘नॅक’ समितीलाही ठाऊक असते.

छापील पुस्तकांचे नियम काय सांगतात?

शिक्षकाला एका वेळी किती पुस्तके आणि किती दिवसांसाठी द्यायची, हे बहुतेक ठिकाणी महाविद्यालयाची ग्रंथालय समिती ठरवते. नियमित प्राध्यापकाला सत्रभरासाठी पुस्तके मिळतात, निवृत्ती किंवा बदलीच्या वेळी ‘ना देय’ प्रमाणपत्र घ्यावे लागते. तासिका तत्त्वावरील शिक्षकाचे काय, हा प्रश्न समितीच्या मर्जीवर राहतो. राज्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये २,०८८ सहायक प्राध्यापक पदांच्या भरतीला परवानगी दिली, तरी तासिका शिक्षकांवरचे अवलंबित्व संपलेले नाही. पीएच.डी. करण्याची सर्वाधिक निकड याच वर्गाला आहे. त्यांची नेमणूक सत्रापुरती असल्याने पुस्तक दिले तर परत येईल का, ही ग्रंथपालाची भीतीही अगदीच निराधार नाही.

या भीतीवर केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये उत्तर आहे. नियम २१५ नुसार वर्षभरात वाचकांना दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके गहाळ होणे स्वाभाविक मानले जाते; त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. एक हजार रुपयांपेक्षा महाग आणि दुर्मीळ पुस्तकांची मात्र चौकशी करावीच लागते. हा नियम केंद्रीय संस्थांसाठी आहे, अनुदानित महाविद्यालयांना तो आपोआप लागू होत नाही. तरी समितीला असा ठराव करायला कोणी अडवलेले नाही. कुलूपबंद कपाटातली पुस्तके हरवत नाहीत हे खरे. ती वाळवीच्या हवाली होतात.

या दोन जिल्ह्यांतच प्रश्न अधिक गंभीर का?

अंतर हे पहिले कारण. भामरागड जिल्हा मुख्यालयापासून सुमारे १८० किलोमीटरवर आहे आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की त्याचा संपर्क तुटतो. सिरोंचा त्याहूनही दूर. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन होण्याआधी ही महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती आणि संदर्भासाठी नागपूर गाठण्याची सवय अजूनही मोडलेली नाही. मुंबई-पुण्यातील शिक्षक शेजारच्या संस्थेत जाऊन बसू शकतो. इथे शेजार म्हणजे तालुका ओलांडणे. ऑनलाइन वाचनाला अंतर नसते, पण दुर्गम तालुक्यांत नेटवर्कचा भरवसा नसतो.

दुसरे कारण अधिक बोचणारे आहे. हा भाग संशोधकांचा आवडता आहे. मेंढा-लेखाला २००९ मध्ये मिळालेला सामूहिक वनहक्क, ब्रह्मपुरी परिसरातील वाघ-माणूस संघर्ष, सिकलसेल, माडिया भाषा, सूरजागडची लोहखाण यांवर देशविदेशातील अभ्यासक लिहितात. गडचिरोलीतील ३९ गावांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने केलेल्या नवजात बालकांच्या घरगुती उपचारांचा प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला होता. अशा लेखनाचा काही भाग मुक्त आहे, बराचसा वर्गणीदारांपुरता. ज्या गावाबद्दल निबंध आहे, त्या गावाच्या विद्यार्थ्यांना शिकवणारा प्राध्यापकच तो वाचू शकत नसेल, तर त्यातली चूक दाखवणार कोण?

सध्या काय करता येईल?

‘शोधगंगा’वर देशभरातील प्रबंध मोफत आहेत. आयआयटी खरगपूरचे राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे आणि मुक्त नियतकालिकांची ‘डीओएजे’ ही सूचीही आहे. लेखकाला ई-मेल करून निबंधाची प्रत मागणे हा जुना, वैध आणि अनेकदा यशस्वी मार्ग. मोठा फरक मात्र विद्यापीठ पाडू शकते. पीएच.डी.साठी नोंदणी केलेले महाविद्यालयीन शिक्षक हे गोंडवाना विद्यापीठाचेच संशोधक आहेत. त्यांना विद्यापीठाचे ई-मेल आणि ‘इन्फेड’ या ओळख-पडताळणी व्यवस्थेतून घरबसल्या लॉगिन दिले, तर ते विद्यार्थी या नात्याने योजनेच्या कक्षेत येऊ शकतात. त्यासाठी संशोधकांची अद्ययावत यादी आणि ती सांभाळणारा माणूस लागेल. पीएच.डी. पूर्ण झालेल्या, प्राध्यापकपदाच्या दहा निबंधांसाठी धडपडणाऱ्या शिक्षकांना मात्र या वाटेचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी अनुदानित महाविद्यालयांना पुढच्या टप्प्यात घेणे हाच उपाय आहे आणि मंजूर निधीची मुदत डिसेंबर २०२७ मध्ये संपते.