ऐन हंगामात थांबलेला तिरकामठा
सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या तळोदा परिसरातील भिल्ल समाजाने तिरकामठा, म्हणजे बांबूचे धनुष्य व बाण, पिढ्यानपिढ्या हाताळला असला, तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई केल्यापासून त्या कौशल्याची रास्त वाट क्रीडा-तिरंदाजीकडे जाते. तेथे खांद्याची दुखापत आडवी येते. दंडाचे हाड खोबणीत स्थिर ठेवणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट पट्टे, प्रत्यंचा वारंवार ओढल्याने दुखावू शकतात. ऐन हंगामातील विश्रांती धनुर्धराला शिक्षेसारखी वाटते हे खरे, परंतु वेदनाशामक गोळीच्या भरवशावर मैदानात उतरणे हा निव्वळ अविचार होय (प्रशिक्षकांनीही तो टाळावा). उभे राहण्याची ढब व श्वासाचा सराव धनुष्याविना, आणि पुढे रबरी पट्ट्याच्या हलक्या ताणावर, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली चालू ठेवता येतो.