नऊ धांवांचें अंतर

रात्रीं दहा वाजतां दिवे मालवावे हा आमच्या घरचा नियम वडिलांच्या वेळेपासूनचा आहे, व तो मोडल्याचे प्रसंग बोटांवर मोजण्यासारखे आहेत. २०२५ सालच्या नोव्हेंबरची २ री तारीख हा त्यांपैकीं एक. त्या दिवशीं नवी मुंबईच्या डॉ. डी. वाय. पाटील मैदानावर स्त्रियांच्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना होता. पावसानें खेळ दोन तास उशिरां सुरू झाला, आणि मध्यरात्र झाली तरी सोलापुरांतल्या आमच्या माजघरांत सारें घर जागें होतें. दीप्ती शर्मा यांच्या चेंडूवर कर्णधार हरमनप्रीत कौर यांनीं मागें धांवत जाऊन शेवटचा झेल घेतला. भारताच्या २९८ धांवांस उत्तर देतांना दक्षिण आफ्रिकेचा डाव २४६ वर आटोपला होता. मुलांनीं एकच गिल्ला केला. आमच्या आत्याबाईंना या खेळांतलें फारसें कळत नाहीं, पण त्यांनींहि पदरानें डोळे टिपले. आम्हांसहि आनंद झाला. परंतु त्या आनंदाच्या घांसांत एक खडा लागला. तो कसला, हें सांगण्यासाठींच या महिन्याचें सदर खर्चीं घालीत आहों.

वाचकांपैकीं कित्येकांची अशी समजूत असेल कीं, स्त्रियांचें क्रिकेट हें गेल्या आठदहा वर्षांतलें नवें वेड आहे. वस्तुस्थिति अगदीं निराळी आहे. क्रिकेटचा पहिला विश्वचषक पुरुषांनीं नव्हे, स्त्रियांनीं खेळला. तो १९७३ सालीं इंग्लंडांत झाला, व पुरुषांचा त्यानंतर दोन वर्षांनीं. त्या पहिल्या स्पर्धेंत भारताचा संघ नव्हता. आपल्याकडील स्त्रियांच्या क्रिकेटची अखिल भारतीय संघटना त्याच सालीं लखनौस स्थापन होत होती. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली ती आपल्या पुण्यास, १९७३ च्या एप्रिल महिन्यांत. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ आले होते. आज कोट्यवधि लोक ज्या खेळासाठीं जागरण करतात, त्याचें बारसें एवढ्या थोड्या मंडळींत झालें.

पुढचा इतिहास पराभवांचा आहे, व तो झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. १९७८ सालीं विश्वचषक भारतांतच भरला. संघ चार, आपण तीन सामने खेळलों व तीनहि हरलों. त्या वेळीं कर्णधारपद मुंबईच्या डायना एदलजी यांच्याकडे होतें. १९८२ सालीं न्यूझीलंडांत शांता रंगास्वामी यांच्या संघानें बारांपैकीं चार सामने जिंकले. १९८८ सालच्या ऑस्ट्रेलियांतील स्पर्धेस आपला संघ गेलाच नाहीं. १९९३ सालीं चौथें स्थान मिळालें. १९९७ आणि २००० या दोन्ही सालीं उपांत्य सामन्यांत हार झाली. २००५ सालीं दक्षिण आफ्रिकेंत मिताली राज यांच्या संघानें प्रथमच अंतिम सामना गांठला, आणि ऑस्ट्रेलियानें तो ९८ धांवांनीं जिंकला. २००९ सालीं तिसरें स्थान. २०१३ सालीं घरच्याच मैदानांवर पहिल्या फेरींत गच्छंति. १९७३ पासून २०२५ पर्यंत असे तेरा विश्वचषक झाले. त्यांपैकीं अकरांत भारत खेळला व दहांतून रिकाम्या हातानें परत आला.

हा जमाखर्च वाचून कोणी म्हणेल कीं, मुलींच्या अंगांतच कांहीं कमी असलें पाहिजे. असें म्हणणाऱ्यानें वहीचें दुसरें पान उलटावें. ज्या वर्षांचा हा इतिहास, त्या वर्षांत या मुली आरक्षणाशिवाय आगगाडीच्या डब्यांतून देशभर हिंडत. मुक्कामाच्या गांवीं एका मोठ्या खोलींत साऱ्याजणी जमिनीवर पथाऱ्या टाकून निजत, आणि खेळाचें साहित्य एकमेकींत वांटून घेत. खेळून पोट भरण्याची गोष्टच नव्हती. पुढें रेल्वेनें महिला खेळाडूंस नोकऱ्या दिल्या व अनेकींच्या घरची संमति त्या पगाराच्या आधारावर मिळाली. रेल्वेचा संघ राष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षें अजिंक्य ठरला, याचें रहस्य तेंच. २००५ च्या विश्वचषकांत दर सामन्यास एक हजार रुपये मिळत, असें मिताली राज यांनींच पुढें सांगितलें आहे. जगांत दुसरें स्थान मिळवणाऱ्या संघाची ही बिदागी! २००६ सालीं स्त्रियांची संघटना भारतीय क्रिकेट नियामक मंडळांत विलीन झाली, तेव्हांपासून हळूहळू दिवस पालटूं लागले.

आतां आम्ही त्या खड्याकडे वळतों. २०१७ च्या जुलैची २३ वी तारीख, लंडनचें लॉर्ड्सचें मैदान, समोर इंग्लंड. उपांत्य सामन्यांत हरमनप्रीत कौर यांनीं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १७१ धांवा कुटल्यामुळें सारा देश प्रथमच या संघाकडे पाहूं लागला होता. अंतिम सामन्यांत जिंकण्यासाठीं २२९ धांवा हव्या होत्या. मुंबईच्या पूनम राऊत यांनीं ८६ धांवा केल्या आणि तीन गडी बाद १९१ अशी स्थिति आली. उरल्या अवघ्या ३८ धांवा. तेथून पुढें २८ धांवांत सात गडी गेले. डाव २१९ वर संपला, व नऊ धांवांनीं विश्वचषक हातचा गेला.

त्या वेळीं आमच्या माजघरांत एक वाक्य उच्चारलें गेलें: “शेवटीं बायकाच त्या! ऐन वेळीं घाबरल्या.” हें वाक्य उच्चारणारा गृहस्थ कोणी परका नव्हता, ते आम्हीच. आमची थोरली पुतणी तेव्हां बारा वर्षांची होती. ती दूरचित्रवाणीसमोर अगदीं पुढें बसली होती. तिनें मागें वळून आमच्याकडे पाहिलें व पुन्हां तोंड फिरवलें. पुढच्या आठवड्यांत तिनें विचारलें, “काका, मी सकाळीं मैदानावर शिकायला जाऊं का?” आम्ही नाहीं म्हटलें नाहीं. सुशिक्षित घरांत मुलींना नाहीं म्हणण्याची रीतच नसते. आम्ही म्हणालों, “आठवीची शिष्यवृत्तीची परीक्षा होऊं दे.” ती झाली; मग नववी आली, मग दहावी आली. तिनें पुन्हां विचारलें नाहीं, आणि ती विचारीत नाहीं याचें आम्हांस समाधानच वाटलें. तिचाच सख्खा भाऊ नऊ वर्षांचा असल्यापासून त्या मैदानावर जात असे. त्याला जातांना कोणी परीक्षेची आठवण दिली नव्हती.

लॉर्ड्सवर कमी पडलेल्या त्या नऊ धांवा कोठें हरवल्या, याचा शोध तज्ज्ञ लोक शेवटच्या षटकांत घेतात. आम्हांस आतां वाटतें कीं, त्यांतल्या कांहीं आमच्यासारख्यांच्या माजघरांत हरवल्या होत्या. पुढें न गेलेल्या मुलींतून संघ निवडतां येत नाहीं. जेथें शंभर मुलें मैदानावर उतरतात व चार मुली, तेथें त्या चौघींनीं पराक्रम करावा आणि उरलेल्या शहाण्णवांनीं घरीं बसून टाळ्या वाजवाव्या, हा न्याय फार दिवस चालत नाहीं.

२०१७ नंतर जें पालटलें तें याच ठिकाणीं. २०२२ च्या ऑक्टोबरांत मंडळानें स्त्रीपुरुष खेळाडूंस सामन्याचें मानधन सारखें करण्याचें जाहीर केलें. २०२३ पासून स्त्रियांची व्यावसायिक प्रीमियर लीग सुरू झाली. मुलगी खेळली तर पुढें काय, या प्रश्नाला घरच्यांपुढें ठेवण्याजोगें उत्तर मिळालें. केवळ पैशानें सामने जिंकतां येतात असें मात्र नाहीं. २०२२ च्या विश्वचषकांत आपण उपांत्य फेरीहि गांठली नाहीं. २०२५ सालींसुद्धां साखळींत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांच्याकडून ओळीनें तीन पराभव झाले. त्यांतल्या तिसऱ्या सामन्यांत मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्ज यांना संघांतून वगळलेंहि होतें. त्याच जेमिमांनीं ३० ऑक्टोबर रोजीं उपांत्य सामन्यांत नाबाद १२७ धांवा केल्या, व ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धांवा भारतानें पाच गडी राखून ओलांडल्या. स्त्रियांच्या एकदिवसीय सामन्यांत एवढ्या धांवांचा यशस्वी पाठलाग तोंवर कोणींच केला नव्हता. संघाचे शिक्षक अमोल मुजुमदार यांनीं प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ११,००० हून अधिक धांवा केल्या, पण भारताकडून खेळण्याचा योग त्यांना एकदांहि आला नाहीं. वाट पाहणें म्हणजे काय, हें त्यांच्याइतकें कोणाला ठाऊक असणार? विजयानंतर मुलींनीं चषक मिताली राज, झूलन गोस्वामी व अंजुम चोप्रा या मागील पिढीच्या खेळाडूंच्या हातीं दिला. आत्याबाईंनीं पदर डोळ्यांना लावला तो त्या क्षणीं.

घरच्या माणसांनीं साथ दिली तर काय होतें, याचें उदाहरण शोधण्यास फार दूर जावयास नको. सांगलीच्या स्मृति मानधना लहानपणीं भावाचा खेळ पाहून मैदानावर गेल्या. नवव्या वर्षीं महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघांत त्यांची निवड झाली. या विश्वचषकांत त्यांनीं ४३४ धांवा केल्या. एका विश्वचषकांत कोणत्याहि भारतीय स्त्रीनें त्यापूर्वीं एवढ्या केल्या नव्हत्या. आणि आपल्या सोलापुराचें काय? पॉली उम्रीगर यांचा जन्म १९२६ सालीं सोलापुरांत झाला, हें आम्ही पाहुण्यांना कौतुकानें सांगतों. परंतु किरण नवगिरे याहि आपल्याच जिल्ह्यांतल्या, हें कितीजण सांगतात? शेतकऱ्याच्या घरची ही मुलगी आधीं भाला व गोळा फेकीत असे. २०२२ सालीं नागालंडकडून खेळतांना त्यांनीं वीस षटकांच्या एका सामन्यांत नाबाद १६२ धांवा केल्या. त्या प्रकारच्या सामन्यांत दीडशेंचा टप्पा तोंवर कोणा भारतीय पुरुषानेंहि ओलांडला नव्हता. त्याच वर्षीं त्या भारताच्या संघांत आल्या. गांवाकडच्या घराला जें जमलें, तें पेठेंतल्या पुस्तकांनीं भरलेल्या घराला कां जमूं नये?

विजयाच्या त्या रात्रीं साडेबारा वाजतां पुण्याहून फोन आला. थोरली पुतणी आतां वीस वर्षांची आहे व तेथें अभियांत्रिकी शिकते. ती सर्वांशीं बोलली. आमच्या हातांत फोन आला तेव्हां एवढेंच म्हणाली, “काका, पाहिलंत ना?” त्या आवाजांत राग नव्हता. राग असता तर बरें झालें असतें.

चार दिवसांनीं धाकट्या पुतणीनें तोच प्रश्न विचारला. ती अकरा वर्षांची, सहावींत आहे. जेवणाच्या पंगतींत विषय निघाला. वहिनी म्हणाल्या, अभ्यासाचें कसें होणार? दादा म्हणाले, सोलापूरचें ऊन काय सामान्य आहे? आई म्हणाली, पोर काळवंडेल. सर्व आक्षेप प्रेमाचे होते; आठ वर्षांपूर्वीं आमचाहि प्रेमाचाच होता. आत्याबाई ताक वाढीत होत्या. त्या म्हणाल्या, “पहाटे सहाचं ऊन मुलग्यांना लागत नाहीं, तें हिलाच कसं लागेल?” यावर कोणाला उत्तर सुचलें नाहीं. तेव्हां आम्ही सांगून टाकलें कीं, आठवड्यांतून चार दिवस तिला मैदानावर आम्ही नेऊं, आणि परीक्षेचें नांव या बाबतींत पुन्हां निघणार नाहीं.

ही मुलगी उद्यां महाराष्ट्राकडून खेळेल असें आम्ही समजत नाहीं. तिचा चेंडू अजून सरळ पडत नाहीं. कदाचित् पुढच्या पावसाळ्यांत ती कंटाळून सोडूनहि देईल. तिच्या भावानें असाच कंटाळून खेळ सोडला, व कोणी त्याला बोल लावला नाहीं. मन भरलें म्हणून सोडण्याची मोकळीक मुलीलाहि असावी. विचारतांच दार लोटून घेतलें म्हणून सोडावें लागणें ही गोष्ट वेगळी.

हा निर्णय आम्हीं पुण्यास कळविला. थोरली जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “तिला नवी बॅट घेऊं नका. माळ्यावर जुन्या चादरींखालीं माझी आहे.” आम्ही माळ्यावर चढून पाहिलें. भाऊबीजेच्या ओंवाळणींतून तिनें ती कधीं विकत घेतली, हें घरांत कोणासच ठाऊक नव्हतें. बॅटीवर चेंडूचा एकहि डाग नव्हता.

वाचकांनींहि सवडीनें एकदां आपापले माळे पाहावे, एवढीच विनंति.